रूझवेल्टची फोर्ड आणि माझी पद्मिनी



'स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, पण शाळेच्या आठवणी नकोत, त्या ढिगाने आल्या आहेत,' असा संपादक मंडळाचा निरोप आला. म्हटले, आपल्या इतिहासाच्या सरांना आवडला असता असा एखादा विषय घ्यावा. सर आज आपल्यात नाहीत. सनावळ्या पाठ करून घेण्यापेक्षा ते एक प्रश्न हमखास विचारत. "राजा गडावर काय बोलला ते बखरीत सापडेल. तो गडावर पोचला कसा, ते सांगा." घोड्यावरून की पालखीतून, कुठल्या वाटेने, किती दिवसांत, बरोबर कोण होते. तुम्ही बहुतेक जण या प्रश्नाला कंटाळायचात. मला मात्र तो अगदी घरचा वाटायचा. लग्नाला जायचे असो की दवाखान्यात, आमच्या घरी माझ्याबाबतीत पहिला प्रश्न तोच असे. हा पोचणार कसा?

आपल्यानंतर शाळेत आलेल्या शिक्षकांसाठी सांगतो. मी दीड वर्षाचा असताना मला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले. मुंबईला हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत कॅलिपर मिळाले, कुबड्या मिळाल्या आणि मी उभा राहिलो. पाचवी ते दहावी तुमच्यापैकी सात-आठ जणांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत आणले. नववीच्या सहलीत तिघांनी आळीपाळीने पाठुंगळी मारून सज्जनगडाच्या पायऱ्या चढवल्या. सर सगळ्यांच्या मागे, माझ्या कुबड्या खांद्यावर टाकून चालत होते. त्या दिवशी मला किती आनंद झाला ते तुम्हाला माहीत आहे. परत येताना एसटीच्या खिडकीशी तोंड करून मी रडलो, ते माहीत नसेल. चढलो ते मी नव्हे, मला चढवले, एवढेच मनात येत होते.

आता विषयाकडे येतो. विषय एका मोटारीचा आहे.

२०१६ साली मुलीकडे न्यू जर्सीला गेलो असताना तिने मला हडसन नदीकाठच्या हाइड पार्क या गावी नेले. अमेरिकेचे ३२ वे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे ते गाव. तिथे त्यांचे राहते घर, ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. कागदपत्रे, पत्रे, बोटींची चित्रे पाहत पाहत मी एका मोटारीपाशी आलो आणि तिथेच थांबलो. मुलगी दोनदा बोलावून गेली, तरी हललो नाही.

ती १९३६ ची फोर्ड 'फेटन' होती. चार दारांची, कापडी छपराची. छप्पर मागे दुमडले की सगळी गाडी उघडी. जाणकार लोक फेटन आणि कन्व्हर्टिबल यांत फरक करतात. कन्व्हर्टिबलच्या दारात वरखाली होणाऱ्या काचा असतात, फेटनला त्या नसतात, पाऊस आला तर बाजूने पडदे लावायचे. तुम्हाआम्हाला दोन्ही उघड्या टपाच्याच गाड्या. आठ सिलिंडरांचे इंजिन, ८५ अश्वशक्ती. फोर्ड कंपनीने हे आठ सिलिंडरांचे इंजिन १९३२ साली सामान्य माणसाच्या गाडीत आणले होते. म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. अमेरिकेतला बऱ्या स्थितीतला शेतकरी किंवा दुकानदार अशीच गाडी घेत असे.

वेगळेपण होते ते आत. ही गाडी पाय न लावता चालवता यावी म्हणून तिला हाताने चालवायचे दांडे जोडले होते. सुकाणूच्या खांबाला आणखी एक गमतीची पेटी होती. तिच्यातून पेटलेली सिगारेट बाहेर यायची. काडी ओढायला हात रिकामा नसेल, तर माणूस असेच काहीतरी करणार! ती पेटी पाहून मला हसू आले. दांडे पाहून मात्र घसा दाटून आला.

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ चा. घर श्रीमंत. नौदल खात्याचे उपमंत्रिपद त्यांनी सात वर्षे सांभाळले आणि १९२० साली उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरले. ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीत असताना त्यांना हुडहुडी भरली, ताप चढला आणि काही दिवसांत कमरेखालचा भाग लुळा पडला. निदान झाले पोलिओचे. त्यानंतर पायांत पोलादी पट्ट्या अडकवून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा दंड धरून, कंबर झटकत चार पावले टाकणे एवढेच त्यांना जमले. घरात ते साध्या जेवणाच्या खुर्चीला चाके लावून घेतलेल्या अरुंद खुर्चीतून फिरत. दवाखान्यातली मोठी खुर्ची घरच्या दारांतून जात नसे. या स्थितीत हा माणूस १९२८ साली न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला आणि १९३२ पासून चार वेळा अध्यक्षपदी निवडून आला.

पोचला कसा?

उत्तराचा एक धागा जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज नावाच्या खेड्यात सापडतो. तिथे कोमट पाण्याचे नैसर्गिक झरे आहेत. पाण्यात शरीर हलके होते आणि अशक्त स्नायूंना व्यायाम देता येतो, म्हणून रूझवेल्ट १९२४ साली तिथे गेले. पाय काही परत आले नाहीत, पण जागा इतकी आवडली की १९२६ साली त्यांनी ती विकत घेतली आणि पोलिओच्या रुग्णांसाठी तिथे संस्था उभी केली. याच काळात त्यांनी एक जुनी फोर्ड मॉडेल टी घेतली आणि आपल्या कल्पनेप्रमाणे तिला हाताने चालवायचे दांडे बसवून घेतले.

मॉडेल टी या कामाला सोयीची होती, हे गॅरेजवाल्यांना लगेच कळेल. तिचा वेग वाढवायचा दट्ट्या मुळातच सुकाणूखाली, हाताशी होता. पायाशी तीन पेडल होती. एक गियरचे, एक मागे जाण्याचे आणि एक ब्रेकचे. म्हणजे हाताला द्यायची कामे मोजकीच होती. पेडलला पोलादी दांडा जोडायचा, तो वर हातापर्यंत आणायचा आणि मध्ये योग्य जागी टेकू द्यायचा. शाळेत तरफेचा नियम शिकलो होतो, तोच हा. दांडा लांब घेतला तर जोर कमी लागतो, पण हात जास्त अंतर सरकवावा लागतो. गाडीत जागा थोडी, म्हणून त्या दोन्हींचा मेळ घालायचा. यात मोठे यंत्रशास्त्र नाही. पण ज्याला बसून चालवायचे आहे त्याच्या हाताची लांबी, खांद्याची ताकद आणि बसण्याची ढब यांचे माप घेतल्याशिवाय हे काम होत नाही. शिंप्याच्या कामासारखेच ते.

१९३६ च्या फोर्डमध्ये काम अधिक अवघड होते. क्लच वेगळा, गियरचा दांडा वेगळा, आणि ब्रेक द्रवदाबाचे नव्हते. फोर्डच्या गाड्यांना द्रवदाबाचे ब्रेक १९३९ पासून आले. त्याआधी पेडलपासून चाकापर्यंत सळ्याच होत्या. ब्रेक लावायला भरपूर जोर लागे. तुम्ही-आम्ही तो पायाने, सगळ्या अंगाचा भार टाकून देतो. रूझवेल्टना तो दंडाने द्यावा लागत होता. पाय गेल्यावर त्यांनी दोऱ्यांना आणि कड्यांना लोंबकळून खांदे नि छाती पैलवानासारखी कमावली होती. ते बळ नुसते दिसण्यासाठी नव्हते. त्यांच्या गाडीच्या ब्रेकचा तो एक भागच होता.

याचा साक्षीदार साधासुधा माणूस नाही. जून १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल हाइड पार्कला आले. त्यांना विमानतळावर घ्यायला रूझवेल्ट स्वतः गाडी घेऊन गेले आणि नदीकाठच्या उंच कड्यांवरून त्यांना आपली सगळी जमीन दाखवत फिरवले. चर्चिल यांनी पुढे आपल्या युद्धाच्या इतिहासात हा प्रसंग लिहिला आहे. कड्याच्या टोकाशी गाडी मागेपुढे घेताना ब्रेक आणि ते सगळे दांडे ऐनवेळी दगा देणार नाहीत ना, ही धास्ती त्यांना वाटत होती. ती ओळखून रूझवेल्टनी आपला दंड दाबून पाहायला सांगितले. त्याच भेटीत अणुबाँबच्या संशोधनाविषयी दोघांचे बोलणे झाले. जगाचे भवितव्य ठरवणारी दोन माणसे, आणि एक जण दुसऱ्याला सांगतो आहे, घाबरू नका, माझे हात बळकट आहेत!

त्याआधी ११ जून १९३९ रोजी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ (राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या आई) यांनाही रूझवेल्टनी स्वतः गाडी चालवत टेकडीवर वनभोजनाला नेले होते. राणीसाहेबांनी पुढे सांगितलेली हकिगत मोठी मजेदार आहे. यजमान बोलत होते, सिगारेटच्या नळीने डावी-उजवी स्थळे दाखवत होते, हातानेच वेग वाढवत होते आणि हातानेच ब्रेक दाबत होते. गाडी आता टेकडीवरून खाली जाणार असे त्यांना अनेकदा वाटले. भीती वाटली, पण मजाही आली. माझ्या गाडीत पहिल्यांदा बसलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मी हेच पाहिले आहे. तुमच्यातल्या दोघांनी तर दाराची मूठ शेवटपर्यंत सोडली नव्हती.

ज्या टेकडीवर ते वनभोजन झाले, तिथे रूझवेल्टनी स्वतः आराखडा करून एक छोटे घर बांधून घेतले होते. 'टॉप कॉटेज'. खालच्या मजल्यावर एकही पायरी नाही, दारांना उंबरे नाहीत, आणि ओसरीवरून बाहेर जायला मातीचा उतार. गाडीने घरापर्यंत यायचे, खुर्चीत बसायचे आणि कोणाचा हात न धरता आत जायचे. गाडी आणि घर मिळून एकच वाट त्यांनी तयार केली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण लेखाच्या शेवटी मला तुमच्याकडे काही मागायचे आहे.

गाडीने नुसती मौज दिली नाही. वॉर्म स्प्रिंग्जच्या कच्च्या रस्त्यांवर रूझवेल्ट गाडी घेऊन फिरत, शेताच्या बांधाशी थांबत, बसल्या जागेवरून शेतकऱ्यांशी कापसाच्या भावाबद्दल बोलत. ते उतरू शकत नव्हते, म्हणून लोक गाडीपाशी येत आणि दाराला रेलून गप्पा मारत. त्यांनी स्वतःच १९३८ सालच्या एका भाषणात सांगितले आहे की वॉर्म स्प्रिंग्जमधल्या आपल्या छोट्या घराचे विजेचे पहिले बिल आले तेव्हा दर हाइड पार्कच्या चौपट होता, आणि खेड्यांपर्यंत वीज नेण्याचा विचार तिथून सुरू झाला. १९३५ साली त्यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी सरकारी यंत्रणा उभारली. श्रीमंत घरातला हा माणूस शहरातल्या बंगल्यात खुर्चीला खिळून राहिला असता, तर खेड्यातला अंधार त्याला कळला असता का? मला शंका आहे.

एक गोष्ट मात्र लपवू नये. वॉर्म स्प्रिंग्जच्या त्या संस्थेत उपचार गोऱ्या रुग्णांनाच मिळत. कृष्णवर्णीय मुलांसाठी टस्कीगी येथे वेगळे केंद्र निघाले ते १९४१ मध्ये. सर असते तर त्यांनी हे वाक्य लेखात घालायला लावलेच असते.

आता दुसरी मोटार. पहिली होती बाजारात मिळणारी, नंतर बदललेली. दुसरी मुळातच मागणीनुसार घडवलेली. त्या काळी उंची गाड्यांची एक पद्धत होती. कंपनीकडून चाके, इंजिन आणि सांगाडा घ्यायचा आणि वरची बॉडी नामांकित कारागिरांकडून हवी तशी बांधून घ्यायची. आपल्याकडचे संस्थानिकही अशा गाड्या बाळगून होते. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची उघडी मेबॅक निघते ती आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली आहे. १९३९ साली अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी लिंकन कंपनीच्या सांगाड्यावर बफेलो शहरातल्या 'ब्रुन' या बॉडी बांधणाऱ्या कारखान्याने एक मोठी उघड्या टपाची गाडी बांधली. बारा सिलिंडरांचे इंजिन, पुढच्या-मागच्या चाकांत १६० इंचांचे, म्हणजे सव्वातेरा फुटांहून अधिक अंतर. रक्षकांना उभे राहता यावे म्हणून दोन्ही बाजूंना रुंद फळ्या आणि धरायला मुठी. छप्पर बहुधा दुमडलेलेच असे, म्हणून तिला 'सनशाइन स्पेशल' हे नाव पडले.

उघडी गाडी धोक्याची आहे हे रूझवेल्टना कोणी सांगायची गरज नव्हती. १५ फेब्रुवारी १९३३ रोजी, अध्यक्षपदाची शपथ व्हायच्या आधीच, मायामीच्या बागेत ते उघड्या गाडीच्या मागच्या आसनाच्या पाठीवर बसून भाषण करून खाली सरकले, आणि झांगारा नावाच्या माणसाने गोळ्या झाडल्या. रूझवेल्ट वाचले. जवळ उभे असलेले शिकागोचे महापौर अँटन सर्माक जखमी झाले आणि ६ मार्चला वारले. तरीही रूझवेल्ट उघड्या गाडीतूनच फिरत राहिले.

का? माझे उत्तर माझ्या अनुभवातून आलेले आहे. बंद गाडीतला माणूस लोकांना दिसावा तर त्याने उतरले पाहिजे, उतरला की चालले पाहिजे, आणि चालला की सगळे उघडे पडते. उघड्या गाडीत बसलेला माणूस बसूनच सर्वांसारखा दिसतो. रुंद खांदे, वर केलेली हनुवटी, हातातली टोपी. दाराच्या खाली काय आहे ते कोणाला दिसत नाही. ती गाडी हेच त्यांचे व्यासपीठ होते. ऑक्टोबर १९४४ मध्ये, चौथ्या निवडणुकीच्या वेळी, प्रकृती खालावल्याची कुजबूज थांबवण्यासाठी ते न्यूयॉर्क शहरातून धो धो पावसात, छप्पर दुमडून, काही तास फिरले. वाटेत ओले कपडे बदलले आणि पुन्हा निघाले. पुढच्या एप्रिलमध्ये, १२ तारखेला, ते वॉर्म स्प्रिंग्जमध्येच वारले.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. मग 'सनशाइन स्पेशल' कारखान्यात परत गेली. दारांत चिलखती पत्रा घातला, इंचभर जाडीच्या गोळीरोधक काचा बसवल्या, गोळी लागली तरी चालतील असे टायर आले, बंदुका ठेवायला कप्पे केले. समोरचा भाग बदलून १९४२ च्या लिंकनसारखा केला. वजन सुमारे ४२०० किलोवर गेले. छप्पर मात्र कापडीच राहिले. दारात पोलाद आणि डोक्यावर आकाश! ही गाडी आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. अध्यक्षांच्या उघड्या गाडीची परंपरा तिच्यानंतरही चालू राहिली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लासमध्ये अध्यक्ष केनेडी अशाच खास बांधलेल्या उघड्या लिंकनमध्ये होते. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

एकाच माणसाच्या या दोन गाड्या मी नेहमी शेजारी ठेवून पाहतो. लिंकन सरकारने, रक्षकांनी, कारखान्याने त्यांच्यासाठी घडवली. तिच्यात ते मागे बसत आणि दुसरा कोणी चालवे. साध्या फोर्डमध्ये ते पुढे बसत. सुरक्षारक्षकांना हुलकावणी देऊन ती शेताच्या वाटांनी पळवण्यात त्यांना मुलासारखा आनंद होई. लिंकनने त्यांना सांभाळले. फोर्डने त्यांना पोचवले. सज्जनगडावरून उतरताना मला जे रडू आले होते त्याचा अर्थ हाइड पार्कमध्ये त्या फोर्डसमोर उभा राहून कळला.

आता माझी पद्मिनी. १९९१ साली बँकेच्या नोकरीत स्थिर झाल्यावर मी एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. चालवणार कोण, हा प्रश्न होताच. तेव्हा आपल्या वर्गातला, शेवटच्या बाकावरचा, गणितात दर वेळी काठावर पास होणारा आपला गॅरेजवाला पुढे आला. त्याचे नाव लिहीत नाही. तो लाजेल, आणि तुम्हा सगळ्यांना ते ठाऊकच आहे. तो म्हणाला, "पद्मिनीचा गियर सुकाणूलाच आहे. म्हणजे अर्धं काम कंपनीनंच केलंय." उरलेले अर्धे त्याने केले. उजवीकडे एक दांडा, पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की वेग. डाव्या हाताशी, गियरच्या दांड्याजवळ, क्लचची मूठ. पेडल त्याने काढली नाहीत, तशीच ठेवली, म्हणजे घरातल्या कोणालाही गाडी चालवता यावी. महिनाभर दर रविवारी मला आसनावर बसवून तो टेपने हाताचे माप घ्यायचा, दांडा कापायचा, वेल्डिंग करायचा, पुन्हा कापायचा. तरफेच्या गणितात त्याला शाळेत कधी पाचपैकी दोनाहून जास्त गुण मिळाले नव्हते.

खरा घाट पुढे होता. गाडीची नोंद आणि माझा परवाना यासाठी मी एका कार्यालयात आठ महिने खेटे घातले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या वाहनाची व्याख्या तेव्हा अशी होती की ते खास रचलेले आणि बांधलेले असावे, केवळ बदल केलेले नसावे. साहेब म्हणाले, "तुमची गाडी बांधलेली नाही, बदललेली आहे." व्याख्येप्रमाणे त्यांचे बरोबर होते. आज वाटते, मी त्यांना विचारायला हवे होते की मग अमेरिकेच्या अध्यक्षांच्या फोर्डचे तुम्ही काय केले असते? तेव्हा हे सुचले नाही, कारण तेव्हा त्या फोर्डबद्दल मला काहीच माहीत नव्हते. शेवटी एका वयस्कर निरीक्षकांनी मला मैदानावर गाडी चालवायला लावली, उतारावर थांबवून पुन्हा चढवायला लावली आणि कागदावर सही केली. त्या दिवशी मी एकटा, कोणालाही न सांगता, गाडी घेऊन सज्जनगडाच्या वाहनतळापर्यंत गेलो. वर चढलो नाही. काही बिघडले नाही. पोचलो होतो.

एक गोष्ट अजून सांगायची आहे. या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आपल्या दहावीच्या वर्गाचा फोटो आहे. त्यात मी दुसऱ्या रांगेत उभा आहे, माझ्यापुढे शिक्षकांच्या खुर्च्या, आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी मला काखेत धरले आहे. कुबड्या झाडाला टेकवून ठेवल्या होत्या. कॅलिपर दिसू नयेत म्हणून ती जागा मी स्वतः मागून घेतली होती. रूझवेल्टही तेच करत. चाकांच्या खुर्चीतली त्यांची छायाचित्रे फारच थोडी आहेत. वॉशिंग्टनमध्ये १९९७ साली त्यांचे स्मारक उघडले, तेव्हा मुख्य पुतळ्यावर मोठा झगा होता आणि खुर्ची जवळपास झाकलेली. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि जानेवारी २००१ मध्ये चाकांच्या खुर्चीत बसलेला त्यांचा दुसरा पुतळा तिथे बसवण्यात आला. ज्याने आयुष्यभर लपवले, त्याचे लोकांनी मागाहून उघड केले. हे योग्य की अयोग्य, यावर मुलीशी माझा वाद झाला. ती म्हणाली, त्यांची इच्छा पाळायला हवी होती. मी म्हणालो, पुतळा त्यांच्यासाठी नाही, पाहायला येणाऱ्या मुलांसाठी आहे.

म्हणून यंदाच्या फोटोत मला पहिल्या रांगेत खुर्ची द्या. हल्ली मी चाकांच्या खुर्चीतच असतो. तीच चालेल.

आणि आता मागणे. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेला प्रवेशाची कमान बांधून द्यावी, असा प्रस्ताव आहे. कमान चांगलीच दिसेल. पण शाळेच्या मुख्य इमारतीला सात पायऱ्या आहेत. सहा वर्षे मी त्या रोज मोजल्या आहेत. प्रत्येक पायरी सहा इंच धरली तर उंची ४२ इंच होते. चाकांच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा धरतात. म्हणजे ४२ फुटांचा उतार लागेल, मध्ये वळणावर सपाट जागा आणि बाजूला कठडा. आपल्या वर्गात दोन सिव्हिल इंजिनीअर आणि एक कंत्राटदार आहेत. हिशेब त्यांनी तपासावा.

पोलिओ गेला. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. माझ्यासारखा मुलगा आता शाळेत येणार नाही, याचा मला आनंद आहे. पण अपघातात पाय गेलेला येईल, जन्मतः स्नायू दुबळे असलेली येईल, आणि गुडघे दुखणारे आपण तर येणारच आहोत. त्यांना पाठुंगळी मारून नेणारे मित्र मिळोत, मला मिळाले तसे. पण ज्या दिवशी त्यांना स्वतःच वर जावेसे वाटेल, त्या दिवसासाठी तो उतार तिथे असावा.

उताराला कोणाचे नाव द्यायचे याचा वाद घालायची गरज नाही. सर गेले, त्यांचा प्रश्न आहे. संमेलनाच्या दिवशी मी पद्मिनी घेऊन येतो आहे. ती १९९१ पासून माझ्याकडे आहे, दांडे अजून तेच आहेत, आणि वेल्डिंग करणारा शेजारी बसलेला असेल. दाराची मूठ धरायची नाही, असे त्याने कबूल केले आहे.